तुरुंगातून सुटलेला नायक: रहस्यकथेत त्याला पुन्हा गुन्हेगार न करता ताण कसा टिकवायचा?

कंपूवाली:

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, कंपू भागात राहते. दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे आणि एका जागी गाडं अडलंय, म्हणून इथे विचारते.

नायक पंचेचाळिशीचा, मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याकडच्या एका खेड्यातला. बांधावरून भांडण झालं, त्याच्या हातून चुलतभाऊ मेला, जन्मठेप लागली. कथा सुरू होते ती १५ ऑगस्टला, ग्वाल्हेरच्या मध्यवर्ती कारागृहातून तो सुटतो तिथून. गावी जायची सोय नाही, कारण मेलेल्याचं घर आणि याचं घर यांत एकच भिंत. म्हणून तो ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बहिणीकडे येतो, फालका बाजाराच्या मागे दोन खोल्यांत. तो आत गेला तेव्हा गावाकडे ती दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी जायची, छतावरसुद्धा माणसं बसलेली. आता ती २०२० पासून बंद आणि ब्रॉडगेज आलेली. टेम्पोच्या जागी ई-रिक्षा. हे सगळं लिहिताना मला अडचण आली नाही.

अडचण पुढे आहे. एक तृतीयांश भाग तीन-चार जणांना वाचायला दिला. सगळ्यांचं म्हणणं एकच: "छान आहे, पण घडत काही नाही. तुरुंगातला जुना साथीदार आण. शेवटचा एक दरोडा घालायला लाव." मला ते करायचं नाही. हा माणूस दरोडेखोर नव्हताच. एका दुपारी त्याच्या हातात फावडं होतं, एवढाच त्याचा गुन्हेगारीशी संबंध. त्याला पुन्हा गुन्ह्यात ढकललं तर मी शेजारपाजारच्यांचंच म्हणणं खरं केल्यासारखं होईल. पण ही रहस्यकथा आहे, वाचकाला पान उलटावंसं वाटलं पाहिजे, हेही मला मान्य आहे.

तर हे कोणी चांगलं हाताळलंय? आणि कायदा-कागदपत्रांची बाजू कोणाला नीट माहीत असेल तर सांगा. सिनेमात दाखवतात तसं "परोल ऑफिसर"कडे हजेरी वगैरे आपल्याकडे असतं का?

इंदुरी_वाचक:

ताई, साथीदार आणू नका. या प्रकारच्या कादंबऱ्या मी शोधून शोधून वाचतो आणि जिथे जुना साथीदार दार वाजवतो तिथे माझा निम्मा रस जातो, कारण पुढचं सगळं आधीच दिसायला लागतं.

आल्फ्रेड ड्योब्लिनची 'बर्लिन आलेक्झांडरप्लात्झ' (१९२९) मिळवून वाचा. चार वर्षं भोगून फ्रान्झ बीबरकॉफ टेगेल तुरुंगाच्या दाराबाहेर उभा आहे. शहरात जाणारी ट्रॅम समोर येते, तो चढत नाही. दुसरी येते, तीही जाऊ देतो. लाल भिंतीला पाठ चिकटवून उभाच. आपण समजतो शिक्षा संपली, आणि लेखक म्हणतो ती आत्ता कुठे सुरू होते आहे. एकाही मारामारीशिवाय पहिल्याच पानावर श्वास अडकतो.

एडवर्ड बंकर स्वतः कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत अनेक वर्षं काढलेला लेखक. त्याच्या १९७३च्या पहिल्या कादंबरीतला नायक पुढे गुन्ह्याकडे वळतो खरा, पण सुरुवातीचा भाग तुमच्या कामाचा आहे. नोकरी, भाड्याची खोली आणि वरच्या अधिकाऱ्याची मर्जी, एवढ्या तीन गोष्टींवर तो आपल्याला जागं ठेवतो. आणि वॉल्टर मोझलीचा सॉक्रेटिस फोर्टलो: सत्तावीस वर्षं भोगून आलेला, लॉस एंजेलिसमध्ये बाटल्या-डबे गोळा करून जगणारा. तो एका सुपरमार्केटात ग्राहकांचं सामान पिशव्यांत भरायच्या नोकरीसाठी जातो, त्यावर एक अख्खी कथा आहे. त्याच्याकडे फोन नाही, तर अर्जात लिहायचं काय? ती कथा मी दरोड्याची वाचावी तशी वाचली.

घरातलं उदाहरण हवं असेल तर साने गुरुजींचं 'दुःखी', म्हणजे व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी. लोकांना पाव आठवतो आणि चांदीच्या मेणबत्तीदाण्या आठवतात. मला आठवतो तो सुटलेल्या कैद्याला बाळगावा लागणारा पिवळा परवाना. खिशात पैसे असून खाणावळवाला त्याला जेवायला देत नाही, ते त्या कागदामुळे. तुमच्या नायकाचा पिवळा कागद कोणता, ते शोधा. मला वाटतं तिथेच तुमची कथा आहे.

जुजबंदी:

ताई, मी लिहिणारा नाही. नई सडकेच्या आतल्या बाजूला माझं बाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. शाळांची रजिस्टरं, दालबाजारातल्या व्यापाऱ्यांच्या लाल वह्या, वकिलांचे जुने ग्रंथ, हे आमचं काम. जन्मठेप भोगून आलेला एक माणूस माझ्याकडे बरीच वर्षं कामाला होता. आता तो मुलीकडे असतो, म्हणून नावगाव सोडून लिहितो. इंदूरच्या भाऊंनी पिवळ्या कागदाचं विचारलंय, त्याला माझ्याकडे उत्तर आहे, पण आधी माणूस सांगतो.

ढोलीबुवांच्या मठात कीर्तनाला येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी त्याला माझ्याकडे आणलं. आत तो दरी, म्हणजे सतरंजी, विणायला शिकला होता. बाइंडिंग येत नव्हतं, पण दोरा ताणायचा हात तयार होता. जुजबंदीच्या, म्हणजे पानांच्या घड्या (फॉर्म) एकमेकींना शिवायच्या, शिलाईत ताण सगळ्या फॉर्मांना सारखा लागतो, नाहीतर पुस्तक उघडलं की एक फॉर्म बाहेर डोकावतो. नव्या पोराला हे कळायला महिने जातात. याला आठवड्यात जमलं.

कागद तो जोडीजोडीने मोजायचा. दोन, दोन, दोन, ओठ न हलवता. आत कैद्यांच्या गिनतीला जोडीने बसवतात, त्याची ती सवय. रीम मोजताना आम्ही गप्पा मारायला लागलो की आमची चूक व्हायची, त्याची कधी झाली नाही. संध्याकाळी साडेपाचला त्याला कडकडून भूक लागायची, कारण आत सूर्य मावळायच्या आत जेवण होऊन बंदी होते. बहिणीकडे जेवण नऊला. साडेपाचला मागायची लाज आणि नऊला भूक मेलेली. घरात पहिली कुरबूर झाली ती यावरून. "माझ्या हातचं याला गोड लागत नाही," असं बहिणीला वाटायचं आणि तिला काय सांगायचं हे याला सुचत नव्हतं. मग आम्ही दुकानातच पाच वाजता पोहे नाहीतर कचोरी मागवायला लागलो, सगळ्यांसाठी, म्हणजे त्याच्या एकट्यासाठी मागवलंय असं दिसू नये. दुसरं भांडण दिव्यावरून. बराकीत रात्रभर दिवा जळतो. अंधारात त्याला झोप लागेना आणि उजेडात मेहुण्याला लागेना.

ताई, तुमचे मित्र म्हणतात काही घडत नाही. माझ्या मते दोन खोल्यांच्या घरात एका दिव्यावरून जे घडतं ते दरोड्यापेक्षा कमी नाही. बहिणीला दोघांतून एकाला निवडायची पाळी येते.

आता गल्ल्याची गोष्ट. दिवाळीआधीचे दिवस, वह्यांची घाई, दुकानात सहा माणसं. संध्याकाळी हिशेब करताना गल्ल्यात रक्कम कमी भरली, आणि चांगली मोठी. कोणी कोणाला काही बोललं नाही. पण मी पाहिलं, सगळ्यांची नजर आधी जमिनीकडे गेली आणि तिथून त्याच्याकडे. तो खळ ढवळत होता. मैद्याच्या खळीत आम्ही कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतो, त्याने हात निळसर झालेले. त्याने हात पुसले, उठला, शर्टाचा खिसा उलटा केला, मग पॅंटचे दोन्ही, मग डब्याची पिशवी टेबलावर पालथी केली. डबा, चष्म्याचं घर, बिडीचं बंडल. कोणी मागितलं नव्हतं. मी "अरे हे काय करतोस" म्हणेपर्यंत करून मोकळा झाला आणि परत खळीपाशी जाऊन बसला.

पैसे माझ्या मुलाने दुपारी कागदवाल्याला दिले होते आणि लिहायचे राहिले होते. रात्री उलगडा झाला. मुलगा त्याच्या पाया पडला. पण त्या दिवसापासून तो गल्ल्याच्या बाजूने जायचा बंद झाला, मागच्या दाराने यायचा. ती सवय शेवटपर्यंत गेली नाही.

पुढे आमच्याकडे क्यूआर कोड आणि ते बोलणारं यंत्र आलं. सगळे त्याला वैतागायचे, सारखं बोलतं म्हणून. तो खूश. पैसे आले की यंत्र सगळ्या दुकानाला मोठ्याने सांगतं, मग कोणावर संशय घ्यायची वेळच येत नाही, हे त्याचं म्हणणं.

म्हणून सांगतो, त्याने गुन्हा करायची काही गरज नाही. गुन्हा त्याच्या आसपास घडला की पुरे. तुमच्या फालका बाजारात एका दुकानात चोरी होऊ द्या, किंवा त्याहून वाईट काही, आणि ते याने एकट्याने पाहिलेलं असू द्या. सांगायला ठाण्यात गेला तर पहिला प्रश्न येणार, "तू तिथे काय करत होतास?" गप्प बसला तर कोणी निरपराध अडकणार. आता वाचक पान उलटतो की नाही ते बघा. आमच्याकडे सणासुदीला बीटचा शिपाई नुसता चहा प्यायला यायचा आणि "ठीक आहे ना सगळं?" विचारून जायचा. शब्द काहीच वाईट नाही. पण तो गेल्यावर अर्धा तास याच्या हाताला सुई धरवत नसे. एका शाळेचं मोठं काम होतं आमच्याकडे, त्यांना कुठून तरी कळलं आणि पुढच्या वर्षी ते आलंच नाही. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पिवळ्या कागदाचं. माझ्या मते तो कागद म्हणजे पत्ता. खोली हवी तर आधार हवं, आधारावर पत्ता हवा, पत्ता हवा तर खोली हवी. बॅंकेत गेलो तर ओटीपी येणार फोनवर, आणि फोन आहे भाच्याचा. रेशनकार्डावरून नाव केव्हाच गेलेलं. समग्र आयडीत, म्हणजे आपल्या राज्याच्या कुटुंब-नोंदणीत, बहिणीच्या कुटुंबात नाव घालायचं तर मेहुण्याला विचारायला हवं, आणि मेहुण्याशी दिव्यावरून बोलणं बंद. बघा, धागा कसा कुठे जातो.

आणखी एक. तुम्ही त्याला जौऱ्याकडचा केलाय. आपल्या भागात त्याचा एक वेगळा भार आहे. १९७२च्या एप्रिलमध्ये जयप्रकाश नारायणांसमोर मोहरसिंग आणि बाकीच्या चंबळच्या डाकूंनी बंदुका ठेवल्या त्या जौऱ्यालाच, गांधी सेवाश्रमात. त्यातले नावाजलेले पुढे मानाने जगले. मोहरसिंग मेहगावचे नगराध्यक्ष झाले. फूलनदेवी अकरा वर्षं आत राहिल्या, आपल्या ग्वाल्हेरच्या तुरुंगातही होत्या, आणि सुटल्यावर १९९६ला खासदार झाल्या. त्यामुळे इथल्या लोकांच्या डोक्यात सुटून आलेला माणूस म्हणजे मिशा, बंदूक आणि भोवती गर्दी. माझ्याकडच्या माणसाला पोरं विचारायची, "काका, किती मारले?" त्याच्या हातून एक माणूस मेला होता, आणि त्याचं नाव तो कधी तोंडाने घेत नसे. ज्याच्यावर कोणी सिनेमा काढणार नाही अशा माणसाची गोष्ट तुम्ही लिहिताय, म्हणून मी एवढं लांबण लावलं. लिहाच.

मुरारचा_वकील:

जुजबंदीकाका, हात जोडतो. तुमच्या पोस्टनंतर कायदा कोरडा वाटेल, पण कंपूवाली ताईंनी विचारलंय म्हणून.

पहिलं म्हणजे अमेरिकन परोल डोक्यातून काढा. तिकडे परोल म्हणजे उरलेली शिक्षा बाहेर, अधिकाऱ्याच्या नजरेखाली काढणं. आपल्याकडे परोल म्हणजे काही दिवसांची सुट्टी, लग्न-मयत-शेतीसाठी, आणि मग परत आत. तुमच्या नायकाला १५ ऑगस्टला सोडलंय म्हणजे शासनाने त्याची उरलेली शिक्षा माफ केली आहे. खुनासारख्या गुन्ह्यात, जिथे फाशीही होऊ शकत होती, तिथे प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय ही सुटका होत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३३-अ, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४७५. आणि चौदा झाली की आपोआप सुटका, हा समज चुकीचा. जन्मठेप म्हणजे जन्मभर, माफी मिळाली तरच बाहेर. त्याच्याबरोबरचे काही जण यादीत नाव नसल्यामुळे आतच राहिलेले असणार, हे विसरू नका.

मध्य प्रदेशात १९५४चा एक वेगळा कायदाही आहे, प्रोबेशनवर सुटकेचा. त्यात चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याला परवाना देऊन एखाद्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या देखरेखीखाली बाहेर ठेवता येतं. तुमच्या कथेत काकांच्या दुकानासारखं दुकान असेल तर हा रस्ता फार उपयोगी पडेल, कारण मग मालक नुसता मालक राहत नाही, तो जबाबदार धरला जातो.

आता तुमच्या ताणाचं. माफी बिनशर्त असतेच असं नाही. अट घातली असेल आणि ती मोडली असं शासनाला वाटलं, तर माफी रद्द करता येते आणि कोणताही पोलीस वॉरंटशिवाय अटक करून त्याला उरलेली शिक्षा भोगायला परत पाठवू शकतो. जन्मठेपेत उरलेली म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात यावर लगाम घातला: अटी वाजवी हव्यात, 'सभ्यपणे वागेन' असली मोघम अट चालणार नाही, आणि नुसता गुन्हा नोंदला गेला म्हणून माफी रद्द होत नाही, आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पण तुमच्या नायकाला हा निकाल माहीत असेल का? मेहुण्याने चिडून "ठाण्यात जाऊन सांगेन" एवढं म्हटलं तरी त्याची झोप उडेल. शिवाय सणाआधी आणि निवडणुकीआधी '११० चं प्रकरण' म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याची कारवाई होते. तुमच्या नायकाला कायद्याने ती सहज लागू होऊ नये, तो सराईत नाही. पण भीती कलम वाचून येत नाही.

नोकरीचं एक. गावाहून शहरात आलेल्या माणसाला सगळे सांगतात, "एटीएमवर गार्ड हो." २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सीच्या कायद्याने दोषी ठरलेल्याला ते काम देता येत नाही. हा दरवाजा त्याच्या तोंडावर बंद होतो तो प्रसंग घ्याच.

साक्षीबद्दल काकांनी मुद्द्यावर बोट ठेवलं आहे. आमच्या पुराव्याच्या कायद्याचं ५४ कलम (नव्यात ४९) म्हणतं की आरोपीचं पूर्वीचं वाईट चारित्र्य एरवी गैरलागू आहे. न्यायाधीश त्याचा भूतकाळ बाजूला ठेवायला बांधलेला, पण गल्लीतल्या कोणावर तसलं बंधन नाही. या दोन्हींच्या मधल्या जागेत तुमची रहस्यकथा बसते.

ऊर्मी_वडोदरा:

मी जरा वेगळं बोलणार आहे. कोणाला दुखवायचं नाही.

वरच्या सगळ्या पोस्टी मनापासून वाचल्या, खळीच्या निळ्या हातांपाशी थांबले. पण मला सारखं वाटत होतं, चुलतभावाची बायको कुठे आहे? तिच्या घराची आणि याच्या घराची एकच भिंत, असं कंपूवाली ताईंनी स्वतः लिहिलंय, आणि मग ती भिंत कथेतून गेलीच. माझ्या सासरच्या नात्यात असं एक घर आहे. खून झाला तेव्हा मुलगा मांडीवर होता. मारणारा सुटून आला तेव्हा तो मुलगा कॉलेजात. त्यांना आधी कोणी कळवलं नव्हतं. दूध आणायला गेलेल्या मुलाला कोपऱ्यावर कोणीतरी सांगितलं, "आला बरं का तो." त्या बाईने त्या दिवशी स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढला आणि मग खिडकीला आतून खिळा ठोकला. तिला काही सूडबीड घ्यायचा नव्हता. तिला तो दिसायला नको होता, एवढंच.

सुटून आलेल्या माणसाची बाजू घेणारी कथा लिहिताना मेलेल्याचं घर धूसर ठेवायचा मोह होतो, मग सगळी करुणा सोयीची होते. ती बाई स्पष्ट दिसली आणि तरीही वाचकाला तुमच्या नायकाला खोली मिळावीशी वाटली, तर ती कथा खरी.

एक व्यावहारिक दुवाही देते. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आमच्या गुजरातच्याच प्रकरणात सांगितलं की कैद्याला त्याच्या श्रमाची योग्य मजुरी मिळायला हवी, आणि त्या मजुरीतला काही हिस्सा पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याची तरतूद करावी. म्हणजे तुमच्या नायकाने आत विणलेल्या दरीतले काही पैसे त्या भिंतीपलीकडच्या घरासाठी असू शकतात. त्या बाईने ते घेतले का? हा प्रश्न मला चोरीच्या रहस्यापेक्षा मोठा वाटतो.

कंपूवाली:

काल रात्रभर हे सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू.

ऊर्मीताई, तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. माझ्या आराखड्यात ती बाई शेवटी एकदा येणार होती, आता ती दुसऱ्याच प्रकरणात येईल. ती ग्वाल्हेरला कोर्टाच्या कामाला येते आणि फालका बाजारात त्याला लांबून पाहते. जुजबंदीकाकांची सूचना मी याच्याशी जोडतेय: दुकानातली घटना पाहणारा एकटा माझा नायक नाही, तीही पाहते. म्हणजे तो निर्दोष आहे हे जगात फक्त एका माणसाला माहीत आहे, आणि ती आहे त्याने मारलेल्याची बायको. ती बोलेल का? हे लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. दरोडा घालायला सांगणाऱ्या मित्रांना आज फोन करून ऐकवलं, सगळे गप्प झाले.

आणखी एक प्रसंग मनात आहे. आपल्या किल्ल्यावरचा दाता बंदी छोड गुरुद्वारा. जहांगीराने गुरू हरगोविंदांना याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं, आणि सुटताना ते एकटे बाहेर पडायला तयार झाले नाहीत. त्यांच्या झग्याची टोकं धरून बावन्न राजे बाहेर आले, अशी तिथली कथा. माझा नायक कामाच्या शोधात चालत चालत तिथे पोहोचतो आणि लंगरात जेवतो. पत्ता, आधार, जामीनदार, कोणी काही विचारत नाही. वकीलसाहेबांनी सांगितलेले, यादीत नाव नसल्याने आत राहिलेले लोक त्याला तिथे आठवतील.

काका, दोन बारीक गोष्टी विचारते. तुमच्याकडे आला तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही त्याला काय काम दिलंत? आणि पगार हातात द्यायचात की खात्यात?

जुजबंदी:

पहिल्या दिवशी घडी घालायला दिली. छापून आलेले मोठे ताव असतात, त्यांच्या सोळा पानांच्या घड्या करायच्या, पट्टीने दाबून. नवीन माणसाला तेच देतात, कारण बिघडलं तरी एक ताव जातो. सुई दुसऱ्या आठवड्यात. कटिंग मशीनवर मी त्याला पुष्कळ उशिरा बसवला. विश्वासाचा प्रश्न नव्हता. त्यानेच सांगितलं होतं, पात्याजवळ नको म्हणून.

पगार आधी हातात, दर शनिवारी, रजिस्टरवर सही घेऊन. सही करायला त्याला फार आवडायचं. आत जाताना अंगठा होता, सही तो आत शिकला. खातं उघडलं ते भाच्याचा फोन सोडून स्वतःचा घेतला तेव्हा. बॅंकेत ओळख म्हणून गुरुजी आले होते, आणि पत्ता माझ्या दुकानाचा दिला. तुमच्या नायकाला कोणाचा पत्ता मिळतो ते तेवढं ठरवून ठेवा, त्यावर बरंच काही अवलंबून आहे.

बहिणीला आणि मेहुण्याला वाईट रंगवू नका. त्यांनी त्याला घरात घेतलं होतं. दिव्याचा प्रश्न पुढे मेहुण्यानेच सोडवला, जिन्यात एक छोटा बल्ब लावून दार अर्धं उघडं ठेवायचा.

मुरारचा_वकील:

ताई, एक राहिलं. ती बाई साक्षीदार असेल तर तिचा जबाब पोलीस घेतील तेव्हा त्यावर तिची सही घेऊ नका, तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. सही हवीच असेल तर दंडाधिकाऱ्यासमोर जबाब घ्या. कच्चा मसुदा झाला की कोर्टाची पानं मला पाठवा, वाचून देतो.